कातळावरचे गवत आणि कणगीतले भात

लोणावळ्याला पावसाळ्यात माणसांची रीघ लागते. भुशी धरणाच्या पायऱ्या, राजमाचीची वाट, लोहगडाचा विंचूकाटा, सगळीकडे गर्दी असते. पण भर मे महिन्यात, दुपारी, केवळ उघडा कातळ पाहायला म्हणून तिथे गेलेला माणूस क्वचितच भेटेल. मावळच्या वनस्पतींच्या अभ्यासाचा इतिहासही बराचसा असाच पावसाळी आहे. शे-दीडशे वर्षे अभ्यासक इथे आले, झाडे गोळा केली, त्यांना नावे दिली, जाडजूड ग्रंथ लिहिले. परंतु या प्रदेशातली एक विलक्षण गोष्ट उन्हाळ्यातच दिसते आणि ती त्यांच्या पायाखालीच होती. ती नीट नोंदली जायला विसावे शतक संपत यावे लागले. ही गोष्ट आहे कातळावरच्या बोटभर उंचीच्या गवताची. ते गवत वाळते आणि मरत नाही.

‘वाळते आणि मरत नाही’ याचा नेमका अर्थ आधी सांगायला हवा. हरळी किंवा कुंदा उन्हाळ्यात वरून वाळतो, पण त्याचे मूळ किंवा जमिनीखालचे खोड ओलसर राहते आणि पावसात तिथून नवे कोंब फुटतात. इथे तसे नाही. ट्रायपोगॉन, ओरोपेटियम, एराग्रोस्टिएला या प्रजातींमधल्या काही गवतांचे पानच्या पान वाळते, इतके की चुरगळले तर त्याचा भुगा व्हावा. पेशीतले नव्वद-पंच्याण्णव टक्के पाणी निघून गेलेले असते. अशा स्थितीत ते कित्येक महिने राहते. मग वळवाची एक चांगली सर येते आणि एक-दोन दिवसांत तेच जुने पान पुन्हा हिरवे होऊन अन्न तयार करू लागते. नवे पान फुटत नाही, जुनेच उठून बसते. अशा वनस्पतींना पुनरुज्जीवी वनस्पती म्हणतात.

मावळचा कातळ म्हणजे दख्खनच्या ज्वालामुखीचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा बसाल्ट. त्यावर मातीचा थर कुठे बोटभर, कुठे तेवढाही नाही. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत लोणावळा-खंडाळ्याच्या माथ्यावर चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो आणि कातळावरून पाण्याचे पाट वाहतात. दिवाळीनंतर मात्र तोच कातळ कोरडा ठक्क पडतो. तापलेल्या दगडावर एप्रिलमध्ये हात टेकवत नाही. वर्षातून चार महिने बुडणे आणि सहा-सात महिने भाजणे अशी इथल्या जीवांची स्थिती. विसापूर आणि लोहगडाच्या तटबंदीच्या सांध्यांत मयूरशिखा हे मोराच्या तुऱ्यासारखे नेचे उगवते. तेही याच पंथातले. फेब्रुवारीत त्याचा तुरा मिटून तपकिरी होतो आणि पावसात पुन्हा उलगडतो. मी गेली काही वर्षे या दोन्ही गडांवर आणि भाज्याच्या डोंगरावर उन्हाळ्यातही जात आलो आहे. जे पाहिले त्यातूनच या इतिहासाच्या मागे लागलो.

वाळणे म्हणजे पेशीला काय होते?

सजीवाचा रोग म्हणजे अखेर पेशीचा रोग, ही मांडणी रुडॉल्फ फिर्खो यांनी १८५८ साली बर्लिनमध्ये केली. तेव्हापासून ताण, इजा आणि मृत्यू या गोष्टी पेशीच्या पातळीवर पाहण्याची रीत पडली. पेशीवर ताण आला तर ती दोनच गोष्टी करू शकते. स्वतःत बदल करून जुळवून घेते किंवा इजा सोसते. इजा एका मर्यादेपर्यंत भरून निघते, त्यापलीकडे पेशी मरते. हे माणसाच्या यकृताला लागू आहे तसेच गवताच्या पात्यालाही.

पाणी गेले की वनस्पतीच्या पेशीला तीन प्रकारची इजा होते. पहिली सरळ यांत्रिक. पेशीच्या मध्यभागी पाण्याची मोठी पोकळी असते. ती आक्रसली की पेशीचे नाजूक पटल बाहेरच्या ताठ भिंतीपासून ओढले जाते आणि फाटते. दुसरी इजा प्रथिनांना होते. पाण्यात सुटी सुटी वावरणारी प्रथिने पाणी आटल्यावर एकमेकांना चिकटतात आणि त्यांचे गोळे होतात. तिसरी सर्वांत कपटी म्हणावी अशी. पाणी नसले तरी ऊन असतेच. हरितद्रव्य ते शोषत राहते, पण त्या ऊर्जेचे अन्न करणारा कारखाना बंद पडलेला असतो. मग ती ऊर्जा प्राणवायूकडे जाते आणि त्याची अतिशय दाहक रूपे तयार होतात. पेशी जणू आतून भाजते. भाताच्या किंवा गव्हाच्या पानातले निम्म्याहून बरेच जास्त पाणी गेले तर नंतर कितीही पाणी घाला, ते पान सावरत नाही. शेतकरी त्याला ‘करपले’ म्हणतो, आणि तो शब्द अगदी योग्य आहे.

पन्हळीतली धूळ आणि पॅरिसचा वाद

कोरडा जीव पुन्हा जिवंत होऊ शकतो, हे युरोपात प्रथम दिसले ते छपराच्या पन्हळीत. डेल्फ्ट गावच्या लेवेनहूकने १७०२ साली पन्हळीतली वाळकी धूळ काचनळीत घेऊन तिच्यावर पाणी टाकले आणि काही वेळात सूक्ष्म जीव पोहू लागलेले पाहिले. पुढे इटलीत स्पालान्झानीने १७७६ साली असेच प्रयोग प्रसिद्ध केले. यातून उभा राहिलेला प्रश्न शास्त्राइतकाच धर्माचाही होता. पूर्ण वाळलेला जीव मेलेला म्हणायचा की जिवंत? मेलेला म्हटला तर केवळ पाण्याने मेलेले उठते असे म्हणावे लागेल. पॅरिसमध्ये हा वाद इतका पेटला की तिथल्या जीवशास्त्र मंडळाने समिती नेमली. पॉल ब्रोका यांनी लिहिलेला तिचा अहवाल १८६० साली आला. सावकाश, काळजीपूर्वक वाळवलेले काही सूक्ष्म जीव उकळत्या पाण्याइतकी उष्णता सोसूनही पुन्हा हलू लागतात, एवढे त्यातून समोर आले.

या वादाला शांत वळण दिले क्लोद बेर्नार यांनी. १८७८ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत त्यांनी जगण्याचे तीन प्रकार केले. त्यांतला एक सुप्त जीवनाचा, म्हणजे जिथे जीवनव्यापार थांबलेला असतो पण रचना शाबूत असते. या वर्गात त्यांनी वाळलेले सूक्ष्म प्राणी आणि झाडाचे बी यांना शेजारी शेजारी बसवले. बी हे सर्वांच्या रोजच्या परिचयाचे. त्याचे वाळून जिवंत राहणे कोणालाच नवल वाटत नव्हते, आणि म्हणूनच त्याच्याकडे कोणी कोडे म्हणून पाहिले नव्हते. बेर्नार यांची ही जोडणी पुढे शंभर वर्षांनी कातळावरच्या गवताला लागू पडणार होती. त्या वेळी हे कोणाच्या ध्यानीमनीही नव्हते.

मावळात आलेले अभ्यासक

याच काळात मावळात काय चालले होते? १८३२ साली व्हिक्टर झाकमाँ हा तरुण फ्रेंच निसर्गसंशोधक हिंदुस्थानभर फिरून पुण्याला आला, तिथून मुंबईकडे उतरला आणि ७ डिसेंबर १८३२ रोजी मुंबईतच वारला. त्याचे वय अवघे एकतीस वर्षांचे होते. आपल्या कातळावरच्या एका गवताचे नाव आज ट्रायपोगॉन झाकमाँटिआय असे आहे. त्याच प्रजातीतल्या दुसऱ्या गवताचे नाव ट्रायपोगॉन लिस्बोए. ते डॉ. जुझे कामिलो लिस्बोआ या मूळच्या गोमंतकीय, मुंबईत वैद्यकी करणाऱ्या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या स्मरणार्थ. लिस्बोआंनी मुंबई इलाख्यातल्या गवतांची आणि त्यांच्या उपयोगांची यादी १८९६ साली प्रसिद्ध केली. ज्या गवताला गुरेही फारशी तोंड लावत नाहीत, त्याच्या नावात एक परदेशी प्रवासी आणि एक गोव्याचा डॉक्टर असे दोघे आहेत. मावळात मात्र त्याची चौकशी केली तर उत्तर मिळते, ‘ते होय? गवत.’

१८६३ साली बोरघाटातून रेल्वे धावू लागली आणि खंडाळा-लोणावळा मुंबई-पुण्याच्या अभ्यासकांना एका दिवसाच्या अंतरावर आले. पुण्याच्या सायन्स कॉलेजात शिकवणारे आणि गणेशखिंडीची बाग सांभाळणारे मार्शल वुड्रो, त्याच कॉलेजचे प्राचार्य राहिलेले थिओडोर कुक, मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातले स्विस पाद्री एथेलबर्ट ब्लॅटर आणि त्यांचे सहकारी चार्ल्स मॅकॅन, ही सगळी नावे या मातीशी जोडलेली आहेत. कुक यांचा इलाख्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात भागाभागांनी आला. ब्लॅटर-मॅकॅन यांचा मुंबई इलाख्यातील गवतांवरचा ग्रंथ ब्लॅटर यांच्या मृत्यूनंतर १९३५ साली.

खास मावळच्या माथ्याचा ग्रंथ लिहिला तो फादर हर्मेनेगिल्ड संतापाव यांनी. स्पेनमध्ये १९०३ साली जन्मलेले हे जेझुइट पाद्री सेंट झेवियर्समध्ये शिकवत. खंडाळ्याच्या दऱ्या, कातळ आणि जंगल त्यांनी वर्षानुवर्षे पायी तुडवले. त्यांचा खंडाळ्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ १९५३ साली निघाला, आणि पुढच्याच वर्षी ते भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे मुख्य वनस्पतिशास्त्रज्ञ झाले. अनेक वर्षांनी एकदाच फुलणाऱ्या कारवीबद्दलही त्यांनी लिहिले. कारवीचा अभ्यास म्हणजे एका जागी पुन्हा पुन्हा जाण्याची चिकाटी. ती त्यांच्याकडे होती.

मग इतक्या जाणत्या माणसांच्या ग्रंथांत या गवताचे मरून उठणे ठळकपणे का आले नाही? माझ्या मते कारण त्या शास्त्राच्या रीतीतच होते. वनस्पती ओळखायची तर फूल लागते. गवताची ओळख तर त्याच्या इवल्याशा कणिशकांवरच ठरते, आणि ही कणिशके येतात पावसाळ्यात. तेव्हा गोळा करण्याचा हंगाम तोच. शिवाय गोळा केलेली वनस्पती दाबून, वाळवून कागदावर डकवायची असते. म्हणजे अभ्यासकाच्या टेबलावर प्रत्येक वनस्पती वाळलेलीच येते. मेलेली कोणती आणि नुसती वाळलेली कोणती, हा फरक त्या कागदावर दिसण्याची सोयच नाही. ग्रंथांनी विचारलेला प्रश्न होता, ‘हे कोण आहे?’ हे मे महिन्यात काय करते, हा प्रश्न वेगळा होता. पहिल्याचे उत्तर त्यांनी इतके चोख दिले म्हणूनच पुढे दुसरा विचारता आला.

मावळचे भात

तो दुसरा प्रश्न समजून घ्यायला कातळावरून खाली खाचरात उतरावे लागते. मावळ म्हणजे भाताचा मुलूख. इथल्या आंबेमोहोराचा लौकिक जुना. आज बाजारात ज्याचा दबदबा आहे तो इंद्रायणी तांदूळही इथलाच. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून तो तयार झाला आणि १९८७ साली शेतकऱ्यांपर्यंत पोचला.

भातही गवतच. त्याचे पान पाण्यावाचून करपते, हे वर आलेच. पण त्याच भाताचे बी? ते शेतकरी मुद्दाम उन्हात वाळवतो. दाताखाली धरल्यावर कट्‌ आवाज आला की वाळले, अशी जुनी परीक्षा. बाराएक टक्के ओलावा उरलेले हे बी कणगीत महिनोन्‌महिने राहते आणि जूनमध्ये राबात टाकल्यावर उगवते. म्हणजे वाळून जिवंत राहण्याची विद्या भाताला येते. ती बियात आहे, पानात नाही.

ही विद्या सगळ्याच बियांना येते असेही नाही. आंबा, फणस, जांभूळ यांचे बी वाळवून ठेवले तर मरते. ते ताजेच लावावे लागते, हे कोणत्याही बागायतदाराला ठाऊक आहे. रॉबर्ट्स या बीजशास्त्रज्ञाने १९७३ साली या दोन प्रकारांना वेगवेगळी नावे दिली. वाळवण मानणारी ती रीतसर, न मानणारी ती हट्टी.

आणि ज्या बियाला ही विद्या येते तेही ती एका क्षणी विसरते. कोरड्या मातीत धूळपेरणी केलेले दाणे पावसाची वाट पाहत पडून राहतात आणि त्यांना काही होत नाही. पण पहिला पाऊस पडला, दाण्याला मोड आला आणि मग पावसाने पंधरा दिवस दडी मारली, तर ते पीक गेले. मोड बाहेर पडल्यावर थोड्याच काळात त्या पेशींची वाळवण सोसण्याची ताकद संपते. आपण ज्याला दुबार पेरणीचे संकट म्हणतो, त्याच्या मुळाशी पेशीतली ही घडामोड आहे. कर्ज काढून दुसऱ्यांदा बियाणे आणणाऱ्याला ती कोणी समजावून सांगितलेली नसते. परिणाम मात्र त्यालाच भोगावा लागतो.

बियाची विद्या पानात

ऑस्ट्रेलियातल्या मोनाश विद्यापीठाचे डोनाल्ड गाफ यांनी आफ्रिकेतल्या खडकांवरच्या अशा फुलझाडांची यादी १९७१ साली प्रसिद्ध केली आणि या विषयाला नवे तोंड फुटले. पुढे त्यांनी सेंट झेवियर्सच्या ब्लॅटर वनस्पतिसंग्रहातले प्रा. पी. व्ही. बोले यांच्याबरोबर भारतातल्या पुनरुज्जीवी गवतांवर काम केले. ते १९८६ साली प्रसिद्ध झाले. ट्रायपोगॉन, ओरोपेटियम, एराग्रोस्टिएला ही नावे तिथे या गुणासह एकत्र आली. ब्लॅटर, संतापाव आणि बोले हे तिघेही एकाच कॉलेजातले. पहिल्या दोघांनी गवत कोण ते लिहून ठेवले होते, तिसऱ्याने ते काय करते ते विचारले.

नंतरच्या चाळीस वर्षांत पेशीच्या आत डोकावता आले. वाळू लागलेल्या पानात अनेक गोष्टी एकदम सुरू होतात. पेशी साखर साठवते, वनस्पतींत मुख्यतः आपली उसाचीच साखर. पाणी आटत जाते तशी ही साखर घट्ट होऊन काचेसारखी गोठते आणि आतल्या नाजूक वस्तू जागच्या जागी धरून ठेवते. काचेच्या बांगड्या भुश्यात भरून पाठवाव्यात तसे. त्याच वेळी काही खास प्रथिने तयार होतात आणि इतर प्रथिनांना एकमेकांना चिकटू देत नाहीत. ही प्रथिने प्रथम सापडली ती १९८१ साली, कपाशीच्या पिकत आलेल्या सरकीत. पेशीची भिंत फाटण्याऐवजी घडी घालते. उन्हाच्या दाहावर दोन उपाय दिसतात. काही वनस्पती हरितद्रव्यच मोडून टाकतात आणि पाणी आल्यावर नव्याने बांधतात. काही ते राखतात, पण पान गुंडाळून सावली करून घेतात.

या यादीतले जवळजवळ प्रत्येक हत्यार बियात आधीपासून होते. कातळावरच्या गवताने नवे काही घडवण्यापेक्षा बियाची विद्या पानात वापरायला काढली, असे दक्षिण आफ्रिकेच्या जिल फॅरंट आणि इतर अभ्यासक मांडतात. बेर्नार यांनी शेजारी बसवलेली जोडी इथे एकाच पात्यात आली. ओरोपेटियम थोमेयम या आपल्याकडेही आढळणाऱ्या गवताचा संपूर्ण जनुकसंच २०१५ साली वाचला गेला. तो सुमारे साडेचोवीस कोटी अक्षरांचा निघाला. भाताचा सुमारे एकोणचाळीस कोटींचा. म्हणजे वाळून जगायला भातापेक्षा मोठी पोथी लागत नाही. पोथीतले पान कोणत्या वेळी उघडायचे, हे ठरण्यात मर्म आहे.

या विद्येला अटी आहेत. वाळणे सावकाश व्हावे लागते, नाहीतर तयारीला वेळच मिळत नाही. परतीचा पाऊस, ऑक्टोबरचे दव आणि हळूहळू ओसरणारा ओलावा ही या गवताची तयारीची मुदत. पाणी परत आल्यावरही पटले सांधावी लागतात, बिघडलेले काढून टाकावे लागते. या सगळ्याची किंमत वाढ खुंटून मोजावी लागते. म्हणूनच हे गवत बोटभरच राहते. उद्या भाताच्या पानाला ही विद्या शिकवता येईल, अशी आशा अनेक प्रयोगशाळांत आहे. पण दाण्याने भरलेली लोंबी आणि महिनोन्‌महिने वाळून राहणारे पान हे दोन्ही एकाच रोपाकडे मागणे सोपे नाही. माझ्या मते जवळची आशा लहान आहे. कोवळ्या रोपाने पावसाच्या उघडिपीतले दहा-पंधरा दिवस तग धरावा. दुबार पेरणी टळली तरी मावळातल्या आणि मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला ते पुष्कळ आहे.

पोटखराबा

पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतले मंदार दातार आणि त्यांचे सहकारी, जर्मनीच्या रोस्टॉक विद्यापीठातले स्टेफान पोरेम्ब्स्की यांच्यासह, पश्चिम घाटातल्या अशा वनस्पती शोधत फिरले. त्यांचा अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्याआधी घाटातून अशा नऊच जाती माहीत होत्या, आता त्यांनी बासष्ट नोंदवल्या. त्यांतल्या सोळा फक्त भारतात आढळतात आणि बारा फक्त पश्चिम घाटातल्या कातळांवर. ट्रायपोगॉनची एक जाती तर झाडाच्या खोडावर राहून वाळते आणि उठते, अशी फुलझाडांतली पहिलीच नोंद इथून झाली. सगळ्या जगात अशा वनस्पतींची संख्या तीनशे ते पंधराशे मानली जाते. हे पाहता बासष्ट हा आकडा लहान नाही.

सातबाऱ्यावर मात्र या कातळाचे नाव पोटखराबा. ज्यात पीक निघत नाही, ज्यावर आकार बसत नाही, ती जमीन. महसुलाच्या दृष्टीने ते खरेच आहे. पण शब्द वापरून वापरून तो स्वभावही घडवतो. पोटखराब्यावर बंगला बांधला, रिसॉर्टची वाहनतळाची फरशी घातली, खडीसाठी सुरुंग लावला, तर काही बिघडले असे कोणाला वाटत नाही. त्यातही बघायला येणारा बहुतेक वेळा उन्हाळ्यात येतो, कारण व्यवहार आणि बांधकामे उन्हाळ्यातच होतात. त्याला दिसतो तो काळा दगड आणि त्यावर चिकटलेला मेलेला केर. अभ्यासक पावसाळ्यात आले म्हणून त्यांना हे गवत वाळलेले दिसले नाही. गिऱ्हाईक उन्हाळ्यात येते म्हणून त्याला ते जिवंत दिसत नाही.

झाडे तोडली तर निदान ती तोडली हे दिसते. कातळावरचे हे गवत उखडले तर काही उखडले गेले याची नोंदही कुठे होत नाही, आणि दगडाच्या खाचेत मूठभर माती साठून ते पुन्हा रुजायला माणसाचे आयुष्य पुरणार नाही. मावळातल्या गावांनी जैवविविधता समित्यांच्या नोंदवह्यांत देवराई लिहावी, माळावरची फुले लिहावीत, आणि त्यांच्या जोडीला एक ओळ उन्हाळ्यातल्या कातळाचीही लिहावी. ती लिहायला मोठे शास्त्र लागत नाही. एप्रिलमध्ये वाळक्या गवताच्या ठोंबाभोवती दगडावर खडूने खूण करायची, त्यावर तांब्याभर पाणी ओतायचे आणि दोन दिवसांनी पाहायला जायचे.